अप्पांचा उलटा सोमवार

अप्पा,

तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारीच मी यादी केली. तुम्हाला माहीत आहे, यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. एकोणीस कामं होती. दाखला काढणं, पेन्शनच्या कार्यालयाला कळवणं, वॉकर लक्ष्मीअक्कांच्या सासऱ्यांना देणं, राहिलेली औषधं दुकानात परत करणं, अशी. आज तेरावा झाला. मांडववाल्याची पातेली मोजून परत गेली, आपला धाकटा महेश पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला, आणि अठरा कामांवर रेघ पडली. एक उरलं आहे. ते यादीत असं लिहिलं आहे : ‘अप्पांना सोमवारचं सांगणे.’

तेवढ्यासाठी बसले आहे. शेवटच्या सोमवारी मी तुम्हाला खोटं बोलून जेवू घातलं. सोमवार असताना मंगळवार आहे म्हणून सांगितलं. साठ वर्षं तुम्ही सोमवारी संध्याकाळी जेवला नव्हता. माझ्या हातून जेवलात आणि दीड दिवसानं गेलात.

ही एका ओळीची गोष्ट आहे, पण एका ओळीत ती कुणाला कळणार नाही. कारण तुमचा सोमवार नेमका काय होता, हेच फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या गल्लीत तर कुणालाच नव्हतं. सोलापुरात एखादा माणूस सोमवारी जेवत नाही म्हटल्यावर कारण कोण विचारतो? सिद्धेश्वराचा सोमवार. झालं. मलाही बारा वर्षांची होईपर्यंत तेच वाटत होतं.

लक्ष्मीअक्का शेजारी राहायला आल्या, त्या पहिल्याच सोमवारी त्यांनी तुमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी पाठवली. पुढे ते चालूच राहिलं. कधी भगर, कधी रताळी. तुम्ही वाटी बघून म्हणायचे, “हे उपासाचं हाय.”

“मग? तुमचा उपासच आहे की,” मी म्हणायची.

“माझा उपास न्हाय. मी जेवत न्हाय, एवढंच.”

आई हसून खिचडी माझ्या ताटात वाढायची. अक्कांना कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोमवारची खिचडी बंद झाली असती, असा आईचा व्यवहार होता.

तुमचा सोमवार उलटा आहे हे माझ्या लक्षात आलं ते आईनं मला भाकरींचा हिशेब ठेवायला लावला तेव्हा. कोण किती खातं ते बघून ती पीठ मळणार होती. लोक सोमवार सकाळी धरतात आणि संध्याकाळी गोडधोड करून सोडतात. तुमच्या रकान्यात सोमवारी दुपारी तीन भाकरी आणि संध्याकाळी शून्य. मी वही घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. “अप्पा, तुम्ही सोमवार चुकीचा करता. अक्कांचे सासरे दिवसभर धरतात आणि रात्री जेवतात. तुम्ही दुपारी हाणता आणि रात्री धरता.”

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून ठेवावा लागला. मग पत्र्याची ट्रंक ओढलीत आणि झाकण उघडून आतल्या बाजूला चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलंत. धोतर, बंद गळ्याचा कोट, टोपी. लहानखुरा माणूस. कोट त्यांना जरा मोठाच होत होता.

“ह्यांनी सांगितलंय,” तुम्ही म्हणालात.

त्यांचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. ‘ते’ म्हणायचे, किंवा ‘आमचे ते’. आईचा त्यावर ठरलेला टोमणा होता : “मी ह्यांचं नाव घेत न्हाई आन् हे त्यांचं घेत न्हाईत. ह्या घरात नावं घ्यायची ती पोरांनीच.” म्हणून इथं मीही घेत नाही. ते देशाचे पंतप्रधान होते, दोन वर्षंसुद्धा नव्हते, आणि धान्याच्या टंचाईत त्यांनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं होतं. सोमवारचं, संध्याकाळचं. ज्यांना समजायचं त्यांना एवढ्यावर समजेल.

ट्रंकेपुढं बसून तुम्ही सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं सांगता येतं. तुम्ही तेव्हा मंगळवेढ्यात होता, नोकरी लागायची होती. जिथली ज्वारी लोक पारखून नेतात, त्या गावात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळत होती. तिची भाकरी थापली की चिरायची. एका दुकानाच्या ओट्यावर रेडिओ होता, तिथं गाव जमलं होतं. तुमची आई मागं बायकांत उभी होती. भाषण हिंदीत. मास्तर मराठीत सांगत होते. मास्तरांनी एक वेळचं जेवण सोडायचं सांगितल्यावर तुमची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आता गं बया! आमी तर रोजच सोडतोय की एक येळ!”

सगळा ओटा हसला. तुम्हीही हसलात. पण घरी जाताना तुमच्या आईनं विचारलं, “त्यो सोता जेवतोय का सोमवारी?” आणि मास्तरांनी सांगितलं की त्यांनी आधी स्वतःच्या घरची चूल बंद ठेवून बघितली, लहान लेकरं धरून सगळ्यांना जमतंय का ते पाहिलं, आणि मगच लोकांना सांगितलं. तेव्हा तुमची आई म्हणाली, “मग ठीक हाय.” आणि त्या सोमवारी, ज्या घरात तसंही फारसं शिजणार नव्हतं, तिथं तिनं चूल सारवून ठेवली. भांडी घासून पालथी घातली. सणाला करतात तशी.

हे तुम्ही शंभर वेळा सांगितलंत, आणि कॉलेजात गेल्यावर मी शंभर वेळा त्यावर भांडले. मला राज्यशास्त्र होतं. मला वाटायचं माझा मुद्दा बिनतोड आहे. “अप्पा, ज्यांच्या पोटात आधीच काही नाही त्यांना जेवण सोडा म्हणणारा मोठा कसा? सरकारच्या सोयीचं आहे हे. धान्य पिकवा, साठवा, वाटा. उपाशी कसले ठेवता?”

“पिकवायचं बी त्यांनीच काढलं की. शेतकऱ्याचं नाव त्यांनी जवानासंगट घेतलं.”

“नाव घेतल्यानं पीक येतं का?”

“न्हाय येत.” तुम्ही हे नेहमी लगेच मान्य करायचे, आणि त्यामुळे माझी अडचण व्हायची. मग सावकाश म्हणायचे, “तू कधी उपाशी झोपली न्हाईस, त्यामुळं तुला सांगून कळायचं न्हाय. उपाशी झोपायची लाज वाटती, नंदा. शेजाऱ्याला कळू नये म्हणून चुलीत नुसता धूर करायचा. माझ्या आयनं केलाय. त्या सोमवारी तिनं धूर केला न्हाय. आख्ख्या गावात धूर न्हवता. श्रीमंताच्या घरीबी न्हाय.”

मी म्हणायची, “हे भावनेचं झालं.” आणि उठून जायची. आज लिहिताना वाटतं, राज्यशास्त्राच्या माझ्या तीन वर्षांच्या वह्यांत याच्याइतकं नीट वाक्य एकही नव्हतं. पण ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

दुसरा वाद राजीनाम्याचा. ते त्याआधी रेल्वेमंत्री होते, मोठा अपघात झाला आणि त्यांनी जबाबदारी घेऊन पद सोडलं. तुम्ही रेल्वेतले, त्यामुळे ही गोष्ट तुमच्यासाठी पोथीसारखी होती. घरी जेवताना कुणी पाहुणा आला की ती निघायचीच.

“गाडी ते चालवत होते का?” मी.

“न्हाय की.”

“रूळ त्यांनी बसवला होता?”

“न्हाय.”

“मग?”

“म्हणूनच तर!” तुम्ही ताटावर बोट आपटायचे. “ज्यानं केलं त्यानं कबूल करणं ही साधी गोष्ट हाय. ती पोलीसबी करून घेत्यात.”

“आणि मेलेली माणसं आली का परत त्यांच्या राजीनाम्यानं?”

एकदा मी हे विचारलं आणि तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग म्हणालात, “न्हाय आली. पण त्यांच्या घरच्यांना कुणीतरी म्हणालं, माझ्याकडनं झालं. तेवढं तरी मिळालं त्यांना. दुसरं काय द्यायचं असतंय माणसानं?”

हे तुम्ही नुसतं बोलायचे असं नव्हतं, आणि तिथंच घरात पंचाईत होती. तुम्ही दुसऱ्या गावी बदलीवर मिस्त्री होता तेव्हाचं. तुमच्या हाताखालच्या फिटरकडून एका डब्याच्या ब्रेकमधली पिन घालायची राहिली. गाडी निघायच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या लक्षात आलं, म्हणून काही घडलं नाही. पण चौकशी लागली. सगळे म्हणत होते, फिटरचं नाव सांगा आणि मोकळे व्हा, पिन घालणं त्याचं काम. तुम्ही साहेबांसमोर जाऊन तपासणीच्या कागदावर बोट ठेवलंत. “सही माझी हाय.” बढती मागं पडली ती तीन वर्षं मागंच राहिली.

त्या दिवशी आईनं भांडी आपटली. “त्यांनी राजीनामा दिला तर ते पुढं पंतप्रधान झाले. तुमाला काय मिळालं?”

“मला तू मिळालीस की. आधीच.”

“घाला चुलीत तुमचा त्यो फोटू!”

फोटो ट्रंकेतच राहिला. पुढे आई गेली त्या वर्षी तुम्ही ट्रंक उघडून बसलेले मला दिसलात. तेव्हाही सोमवार होता. मी म्हटलं, “अप्पा, आता बस करा. टंचाई संपली. कोठारं भरली आहेत. सत्तरी ओलांडलीत तुम्ही. आता कुणासाठी धरता?”

“त्यांनी बंद करा म्हटलं न्हाय अजून.”

“ते गेले, अप्पा. तुमच्या लग्नाच्या आधी गेले.”

“त्येच म्हणतोय. सांगायच्या आधीच गेले. दुसरं कुणी सांगितलं तर मी कशाला ऐकू?” आणि मग मिस्कीलपणे, “टीव्हीवर आलं तर हाक मार.”

मी त्या दिवसापासून वाद सोडला. तुमच्या हट्टाचा मला राग यायचा, हे खरं सांगते. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर सोमवार म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. डॉक्टरांना विचारून सोमवारच्या गोळ्यांचं वेगळं वेळापत्रक करून मी फ्रिजवर लावलं. ते तुम्ही पाळलंत. म्हणजे माझी यादी आणि तुमचा सोमवार यांचा समझोता झाला. आपल्या दोघांत एवढा एकच झाला. माझ्या लग्न न करण्याबद्दलचा तर शेवटपर्यंत झाला नाही, आणि आता तो मी जिंकले असं धरायला हरकत नाही.

आता तो सोमवार.

रविवारपासून तुमच्या पोटात काही राहत नव्हतं. सोमवारी सकाळी मी शाळेत कार्यालय उघडून, हजेरी पत्रकावर सह्या करून, अर्धी रजा टाकून एक वाजता घरी आले. तोवर लक्ष्मीअक्का तुमच्याजवळ बसल्या होत्या. दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले. दारात मला म्हणाले, “चार चमचे का होईना, पण काहीतरी जाऊ द्या पोटात. नाहीतर औषधही लागू पडणार नाही.” मी भाताची पेज केली. तुम्ही झोपला होता. चारला उठवलं, तुम्ही मान हलवली, परत झोपलात. मग माझ्या लक्षात आलं की आता उठाल ते संध्याकाळी, आणि संध्याकाळी तुम्ही घेणार नाही.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण ते घाईत झालेलं नाही. तुमच्या खाटेसमोर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. त्याचं सोमवारचं पान मी फाडलं. समोर मंगळवार आला. मोबाइल उलटा ठेवला. रेडिओ बंद केला, त्यात वार सांगतात म्हणून. अक्कांना फोन करून सांगितलं, आज खिचडी नको. एवढी तयारी मी शाळेच्या तपासणीलाही करत नाही.

सहाला तुम्ही जागे झालात. डोळे स्वच्छ होते. मी पेज घेऊन बसले.

“आज वार कुठला गं?”

“मंगळवार.”

तुम्ही कॅलेंडरकडं बघितलंत. मग माझ्याकडं. मग हनुवटीवरून हात फिरवलात, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मला वाटलं, काही सांडलं आहे असं तुम्हाला वाटतंय. मी टॉवेल पुढं केला. तो तुम्ही घेतला नाहीत.

“मंगळवार,” तुम्ही म्हणालात. “बरं. दे.”

सहा चमचे घेतलेत. सातव्याला हात आडवा केलात. “बास. राह्यलेलं तू खा. तू सकाळधरनं जेवली न्हाईस.”

मी तिथंच बसून वाटीतली पेज संपवली. मला बरं वाटलं होतं, अप्पा. काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, खऱ्या मंगळवारी, सकाळी मी कॅलेंडरजवळून जात होते तर तुम्ही म्हणालात, “आज पान फाडू नको हं.” मी “बरं” म्हटलं. तुम्हाला असंबद्ध बोलायला होतंय असं समजून मी ते डॉक्टरांसाठी कागदावर टिपूनही ठेवलं : ‘सकाळी ९. संदर्भ सोडून बोलणे.’ बुधवारी सकाळी मी चहा गाळत होते, तेव्हा तुम्ही गेलात. गाळणी हातात तशीच होती.

महेश पुण्याहून दुपारपर्यंत आला. पुढचं सगळं यादीप्रमाणे झालं. दहाव्याला अंबादास आला. तुमचा अंबादास, ज्याच्या दुकानात तुम्ही वीस वर्षं दाढी आणि वादविवाद दोन्ही केलेत. महेशचं डोकं भादरून झाल्यावर तो हात धुवायला माझ्याजवळ आला, आणि डोळे पुसत म्हणाला, “ताई, शेवटची दाढी माज्याच हातची झाली. अप्पा खाटंवर पडल्यापासनं मी घरीच येत हुतो की. दर सोमवारी. आमची दुकानं बंद असत्यात न्हवं सोमवारी.”

“सोमवारी?”

“व्हय. तुमी शाळंत असता. अक्का दार उघडायच्या. त्या सोमवारी बी आलतो, धाच्या सुमाराला. गाल लई बसलं हुतं, जपून केली. अप्पा म्हनले, अंबादास, आता पुढल्या सोमवारी मी असतोय का बघ.”

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस दर सोमवारी माझ्या घरी येत होता आणि तो माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. ती तुमची तुम्ही केलेली सोय होती. मी पान फाडलं, फोन उलटा ठेवला, रेडिओ बंद केला, खिचडी थांबवली. आणि सोमवार तुमच्या गालावर होता, सकाळच्या ताज्या दाढीत. हात फिरवून तुम्ही तो तपासलात, माझ्या तोंडाकडं बघितलंत, आणि म्हणालात, “मंगळवार. बरं. दे.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ‘आज पान फाडू नको’ हेही संदर्भ सोडून नव्हतं. साठ वर्षं न मोडलेली गोष्ट तुम्ही माझ्यासाठी मोडलीत, आणि मोडली हे मला कळू न देता मोडलीत. वर उरलेली पेज मला खायला लावलीत.

महेशला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग झालं की ताई. त्यांना माहीत होतं, तर मग तू फसवलं कुठं? आता कुणाला काही बोलू नकोस.” आणि मला तेराव्याचं कार्ड दाखवलं. छापून आलं होतं. तुमच्या फोटोखाली लिहिलं होतं : ‘सिद्धेश्वराचे निस्सीम भक्त. साठ वर्षे सोमवारचे व्रत अखंड पाळले.’

“हे खरं नाही,” मी म्हटलं. “आणि अखंड तर नाहीच.”

“अगं, मग लिहू काय? जुन्या एका पंतप्रधानांनी सांगितलं म्हणून साठ वर्षं उपाशी राहिले? लोक हसतील.”

“आपल्या आजीनंसुद्धा आधी थट्टाच केली होती.”

“तू आणि तुझे वाद,” तो म्हणाला. “ते तर गेले आता.”

तो चुकीचं बोलला असं मी म्हणत नाही. कार्डं वाटून झाली होती. तुम्ही सिद्धेश्वराला हात जोडायचेच, कुणाचं नुकसान होत नव्हतं. आणि माझं खोटं तर तुम्हीच पोटात घातलं होतं. गप्प बसणं अगदी सोयीचं होतं. आणि तिथंच मला तुमचे ‘ते’ आठवले. इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत होते, गाडी ते चालवत नव्हते तर त्यांनी कशाला सांगायचं. इथं तर गाडी मीच चालवली होती. आणि मला गप्प बसायला कारणं सुचत होती, एकापेक्षा एक चांगली.

आज पंगत उठल्यावर, पाहुणे बसलेले असतानाच मी उभी राहिले. शाळेच्या पालकसभेत बोलते तशी बोलले, फार लांबवलं नाही. म्हटलं, कार्डावर छापलंय ते बरोबर नाही. अप्पांचा सोमवार देवाचा नव्हता. मग रेडिओ, मिलो, सारवलेली चूल, पिन, ट्रंक, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “आणि तो अखंड नाही. शेवटचा मी मोडला. वार खोटा सांगून.”

महेश पायाकडं बघत होता. लक्ष्मीअक्का म्हणाल्या, “अय्यो, म्हणजे माझी खिचडी चाळीस वर्षं कोण खाल्लं?” त्यावर हशा पिकला, आणि बरं झालं.

मग मंगळवेढ्याहून आलेली आत्या, तुमची धाकटी बहीण, भिंतीला टेकून बसली होती ती बोलली. “मला ठावं हाय की सगळं. त्या ओट्यावर मी हुती आयच्या कडंला. मीबी धरलं चार म्हयनं. मग लगीन झालं, सासरी कोण ऐकतंय? तिथं म्हनले, देशाचं नंतर बघ, आधी भाकरी टाक.” मग तिनं मला हातानं जवळ बोलावलं. “त्यानं खाल्लं न्हवं तुज्या हातनं?”

“खाल्लं.”

“पोटभर?”

“सहा चमचे.”

“मग त्यो काय आंधळा हुता व्हय? खायाचं हुतं म्हणून खाल्लं. पर तू सांगितलंस हे बरं केलंस. दादाला आवडलं असतं.”

आता आपला जुना वाद मी माझ्यापुरता मिटवते. तुमचे ते मोठे होते, अप्पा. माझ्या पुस्तकात लिहिलेल्या कारणांनी नव्हते. त्यांनी धान्य निर्माण केलं नाही आणि गेलेली माणसं परत आणली नाहीत. माझे ते मुद्दे मी मागं घेत नाही. पण जे करायला त्यांनी सांगितलं ते आधी स्वतःच्या घरात केलं. सांगितलं तेही अशा रीतीनं, की तपासायला कुणी येणार नाही हे माहीत असूनही माणूस ते साठ वर्षं करत राहिला. आणि जे त्यांच्या हातून झालं नव्हतं त्यालाही ते माझं म्हणाले. मी जे स्वतःच्या हातानं केलं, ते चार पाहुण्यांसमोर माझं म्हणायला मला दोन आठवडे लागले. तेव्हा त्यांचं काम केवढं होतं याचा अंदाज मला आज आला. पन्नाशी उलटल्यावर आला, तुम्ही असताना आला नाही, त्याबद्दल वाईट वाटतं.

सोमवार मी धरणार नाही. मलाही गोळ्या आहेत, आणि मला कुणी रेडिओवर सांगितलेलं नाही. सांगितलं ते तुम्ही, आणि तुमचं सांगणं होतं, “तू खा.” ते मी पाळीन. मघाशीच दोन भाकरी खाल्ल्या, आजही सोमवार आहे तरी. ट्रंक मात्र मंगळवेढ्याला जाणार नाही, आत्या मागत होती तरी.

ही यादी मी कशावर केली आहे ते सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या दुपारी कोरा कागद हाताशी नव्हता. पर्समध्ये फाडलेलं एक पान घडी घालून ठेवलेलं सापडलं, त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. आता एकोणिसाव्या कामावर रेघ मारून मी ते उलटं करते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात वार छापलेला आहे.

अप्पा, त्या दिवशी सोमवार होता. पान मी फाडलं. खाली सही करते आहे, ती माझी आहे.

नंदा